शनीच्या चंद्रावरचें आकाश

आमचें कडा हें गांव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथें पाऊस बेताचा, आकाश मात्र मुबलक. वर्षांतील बहुतेक रात्रीं तें स्वच्छ असतें. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें जें दुर्दैव, तेंच नक्षत्रें पाहणाऱ्याच्या दृष्टीनें भाग्य ठरतें. गेल्या कार्तिकांत एके दिवशीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आम्ही घरांतील सर्व लहानथोर मंडळी गच्चीवर बसलों होतों. शनि दक्षिणेकडे चांगला वर आला होता. आमच्या धाकट्या सूनबाई शाळेंत विज्ञान शिकवितात. त्यांनीं मुलांना तो पिवळसर, स्थिर प्रकाशाचा ग्रह दाखविला. तेवढ्यांत आठवींत शिकणारी नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, चंद्रावर हवा नाहीं असें तुम्हीच आम्हांला सांगितलें होतें. मग शनीच्या एका चंद्रावर पृथ्वीपेक्षांहि दाट हवा आहे, असें आईच्या पुस्तकांत कसें? दोहोंपैकीं खरें कोणाचें मानायचें?"

मी हंसलों खरा, परंतु मनांतून चरकलों. हाच प्रश्न पूर्वीं एकदां मला विचारला गेला होता, आणि त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर शिक्षकास शोभणारें नव्हतें. सन १९९० च्या सुमाराची गोष्ट. तेव्हां मी एका खेड्यांतील शाळेवर होतों. "उपग्रहांना वातावरण नसतें" असें वाक्य फळ्यावर लिहून मीं तें मुलांकडून तीनदां म्हणवून घेतलें. मागल्या रांगेंतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, शनीच्या एका चंद्राला हवा आहे, असें मीं एका मासिकांत वाचलें आहे." पुस्तकाबाहेरचें बोलूं नये म्हणून मीं त्याला दरडावलें, आणि तास संपेपर्यंत उभें ठेवलें. वस्तुतः ती गोष्ट निर्विवादपणें सिद्ध होऊन त्या वेळीं दहा वर्षें लोटलीं होतीं. मला ठाऊक नव्हतें, एवढाच माझा अपराध असता तर तो क्षम्य होता. ठाऊक नसतां ठाऊक असल्याचा आव मीं आणला, हा खरा अपराध. प्रस्तुत लेख हें त्याचें, उशिरां कां होईना, परिमार्जन समजावें.

शनैश्चराचा परिवार

शनीस आपल्याकडे शनैश्चर म्हणतात, म्हणजे हळूहळू चालणारा. नांव अगदीं सार्थ आहे. सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास त्याला सुमारें २९॥ वर्षें लागतात. गोदाकांठीं आमच्याच जिल्ह्यांतील राक्षसभुवनास शनीचें प्रसिद्ध स्थान आहे, आणि साडेसातीच्या भीतीनें तेथें जाणारीं माणसें या बाजूस पुष्कळ. परंतु या ग्रहाचा संसार किती मोठा आहे, याची कल्पना त्यांतील थोड्यांनाच असेल. त्याच्या भोंवतीं फिरणारे अडीचशेंहून अधिक लहानमोठे चंद्र आजवर मोजले गेले आहेत. त्या सर्वांत मोठा तो टायटन.

क्रिस्तियान हायगेन्स या डच ज्योतिषानें तो २५ मार्च १६५५ या दिवशीं प्रथम पाहिला. म्हणजे शिवछत्रपतींनीं जावळी घेतली, त्याच्या आदल्या वर्षीं. टायटन हें नांव मात्र जॉन हर्शेल यानें १८४७ सालीं सुचविलें. टायटनचा व्यास ५,१५० किलोमीटर आहे. आपला चंद्र ३,४७४ किलोमीटरांचा, आणि बुध हा ग्रह असूनहि ४,८७९ किलोमीटरांचाच. तेव्हां हा उपग्रह एका ग्रहाहून मोठा आहे. शनीपासून सुमारें बारा लाख किलोमीटरांवरून तो सोळा दिवसांच्या आंतबाहेर एक प्रदक्षिणा पुरी करतो.

माझ्या आजोबांच्या पोथ्यांच्या फडताळांत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें "ज्योतिर्विलास" होतें. आकाशाची पहिली ओळख मला त्यानेंच करून दिली. दीक्षित १८९८ सालीं निवर्तले. त्यांच्या काळीं टायटनच्या हवेविषयीं जगांत कोणालाच कांहीं ठाऊक नव्हतें. पहिली शंका घेतली ती स्पेनमधील होझे कोमास सोला यानें. १९०७ सालीं दुर्बिणींतून पाहतांना त्याला टायटनची चकती मध्यें उजळ व कडेला अंधुक दिसली, आणि भोंवतीं वायूचें आवरण असल्यावांचून असें दिसणार नाहीं, असा तर्क त्यानें केला. पुढें जेरार्ड कायपर यानें अमेरिकेंतील मोठ्या दुर्बिणीनें टायटनवरून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यांत मिथेन या वायूच्या खुणा स्पष्ट दिसल्या. हा शोध १९४४ सालीं प्रसिद्ध झाला.

मिथेन म्हणजे काय, हें आमच्या खेड्यांतील गृहिणींना निराळें सांगावयास नको. शेणाच्या टांकींतून जो जळाऊ वायु नळीनें चुलीपर्यंत येतो, त्याचा मुख्य घटक तोच. नातीनें लगेच विचारलें, "मग तेथें कोणी काडी ओढली, तर सारा चंद्र पेट घेईल?" घेणार नाहीं. कारण जळण्यास प्राणवायु लागतो, आणि तेथें मोकळा प्राणवायु नाहीं. जळण आहे, पण त्याला फुंकर नाहीं.

दोन पाहुणे

पुढची हकीकत व्हॉयेजर-१ या अमेरिकन यानाची. १२ नोव्हेंबर १९८० रोजीं तें टायटनच्या जवळून गेलें. या एका भेटीसाठीं त्याचा मार्ग असा आंखला होता, कीं त्यापायीं पुढें प्लूटोकडे जाण्याची संधि सोडावी लागली. आणि इतकें करून चित्रांत काय दिसलें? नुसतें नारिंगी धुकें! भूमीचा एक डागहि नजरेस पडला नाहीं. परंतु यान टायटनच्या आड जात असतां त्याच्या रेडिओलहरी त्या हवेंतून कशा वांकतात, हें मोजून शास्त्रज्ञांनीं हवेचा दाब व उष्णमान काढलें. आणि इतर उपकरणांनीं त्या हवेंतील प्रमुख वायु कोणता, तें सांगितलें. तो मिथेन नव्हताच. तो होता नत्रवायु, आपण श्वासाबरोबर आंत घेतों त्या हवेंतलाच. मिथेन त्याच्या मानानें थोडा. भूमीलगत शेंकडा पांच, आणि उंचावर त्याहूनहि कमी.

दुसरा पाहुणा हायगेन्सच्याच नांवाचा. १५ ऑक्टोबर १९९७ रोजीं निघालेलें कॅसिनी यान १ जुलै २००४ रोजीं शनीपाशीं पोंचलें. त्यानें बरोबर नेलेलें हायगेन्स हें छोटें यान १४ जानेवारी २००५ रोजीं टायटनच्या हवेंत शिरलें. आपल्याकडे त्या दिवशीं मकरसंक्रांत होती. घरोघर तिळगूळ वांटला जात असतां, तिकडे हें यान सुमारें अडीच तास छत्रीला लोंबकळत खालीं उतरत होतें. भूमीवर टेंकल्यानंतरहि तें तासाहून अधिक काळ बोलत राहिलें. त्या वेळीं एक घोटाळा झाला. हायगेन्सचें बोलणें ऐकण्यासाठीं कॅसिनीवर दोन ग्राहक होते. त्यांतील एक सुरू करण्याची आज्ञाच पाठवावयाची राहून गेली. त्यामुळें निम्मीं चित्रें गेलीं, व वाऱ्याचें मोजमापहि जाण्याची वेळ आली. परंतु पृथ्वीवरील मोठ्या रेडिओ दुर्बिणींनीं तो अतिक्षीण आवाज थेट ऐकून वाऱ्याचा हिशेब वांचविला. असें काम आपल्या महाराष्ट्रांतहि पुढें झालें आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरूं पाहणाऱ्या शियापारेली यानाचा आवाज पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवानजीकच्या खोडद येथील तीस तबकड्यांच्या दुर्बिणीनें ऐकला होता.

हायगेन्सनें मोजलेली हवा अशी: भूमीवर दाब आपल्या सुमारें दीडपट, उष्णमान शून्याखालीं १७९ अंश. आणि टायटनचें आकर्षण आपल्या सातव्या हिश्श्याइतकेंच असल्यामुळें एवढा दाब उत्पन्न होण्यास हवा पुष्कळच लागते. भूमीच्या प्रत्येक हातावर आपल्या दहापट हवेचा भार तेथें रचलेला आहे.

मग आपल्या चंद्रावर कां नाहीं?

येथें नातीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येतें. "चंद्र लहान, त्याचें आकर्षण थोडें, म्हणून त्यावर हवा टिकली नाहीं", असें आम्ही वर्गांत सांगत असूं. तें खोटें नाहीं, पण पुरें नाहीं. टायटनच्या पृष्ठावरील आकर्षण आपल्या चंद्रावरील आकर्षणाहूनहि कमी आहे! मग हवा टिकली कशी?

वायूचे रेणु कधीं स्वस्थ बसत नाहींत. उष्णता जितकी अधिक, तितकी त्यांची धांव अधिक. चंद्रावर दुपारीं उष्णमान १२० अंशांच्या आसपास चढतें. टायटनवर सूर्य इतका दूर, कीं तेथें पोंचणारें ऊन आपल्या नव्वदाव्या हिश्श्याचें. त्या थंडींत नत्रवायूचा रेणु सेकंदाला सरासरी तीनशें मीटरांहूनहि कमी धांवतो. टायटन सोडून जाण्यास मात्र सेकंदाला २,६०० मीटरांहून अधिक वेग हवा. गोठ्याची भिंत बुटकी असली तरी चालते, गुरें थंडीनें आंखडून बसलेलीं असलीं म्हणजे झालें.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. टिकण्यापूर्वीं वस्तु हातीं आली पाहिजे. आपला चंद्र जेथें घडला, तेथें सूर्याची धग एवढी, कीं ज्या गोठलेल्या द्रव्यांतून अशी हवा निघते, तें द्रव्य त्या जागीं सांचूंच शकलें नाहीं. टायटन जेथें घडला, तेथें पाणी, अमोनिया, मिथेन हीं सर्व बर्फाच्या रूपानें सांपडत होतीं. गुरूचा चंद्र गॅनिमीड हा टायटनहून किंचित् मोठाच. पण तो सूर्याच्या अधिक जवळ आणि तापलेल्या तरुण गुरूच्या शेजारीं घडला, म्हणून त्याच्या वांट्यास अशी हवा आली नाहीं, असें समजतात. भावंडें सारखीं असलीं, तरी कोणाचा जन्म सुकाळांतला, कोणाचा दुष्काळांतला.

नत्रवायु आला कोठून?

आतां मुख्य प्रश्न. एवढा नत्रवायु टायटननें मिळविला कोठून? मार्ग दोन संभवतात. एक, सूर्यमालेच्या मूळ मेघांतील नत्रवायु जसाच्या तसा बर्फांत अडकून आला. दुसरा, तो अमोनियाच्या रूपानें आला आणि मागाहून त्याचा नत्रवायु झाला. नवसागर व चुना एकत्र चोळले असतां नाकास झोंबणारा जो वायु निघतो, तोच अमोनिया; त्यांत नत्रवायु व उज्जवायु यांचा संयोग असतो.

या वादांत साक्ष दिली ती आर्गॉन नांवाच्या एका आळशी वायूनें. हा कोणाशींहि संयोग पावत नाहीं, म्हणून त्याची साक्ष निःपक्षपाती. मूळ मेघांतील नत्रवायु ज्या कडाक्याच्या थंडींत बर्फांत अडकतो, त्याच थंडींत आर्गॉनहि अडकतो. तेव्हां नत्रवायु जसाच्या तसा आला असता, तर त्याच्या सोबतीनें आदिकालीन आर्गॉनहि भरपूर आला असता. हायगेन्सला तो सांपडला एक कोटि भागांत अवघा दोन भाग! एखाद्या बाजाराच्या तांदळांत हटकून ओळखीचे खडे निघतात. ते घरच्या तांदळांत मुळींच नसले, म्हणजे तांदूळ त्या बाजारचा नव्हे, असें गृहिणी बिनचूक सांगते. तसाच हा न्याय आहे. नत्रवायु आला तो अमोनियाच्या किंवा तत्सम संयुगांच्या वाटेनें.

दुसरी साक्ष नत्रवायूचीच. त्यांत हलके व किंचित् जड असे दोन प्रकारचे परमाणु असतात. पृथ्वीवर एका जड परमाणूमागें २७२ हलके. टायटनवर सुमारें १६७. धूमकेतूंच्या अमोनियांतहि जड परमाणूंचें प्रमाण असेंच अधिक आहे. यावरून २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं असें अनुमान काढलें, कीं टायटनचा नत्रवायु ज्या द्रव्यापासून आला, तें शनीच्या शेजारीं तयार झालें नसून त्याआधींच, दूरच्या थंड मेघांत, धूमकेतूंच्या द्रव्यासारखें घडलें असावें. म्हणजे हें धन घराण्याहूनहि जुनें.

अमोनियाचा नत्रवायु झाला कसा, याचें एक उत्तर व्हॉयेजर तेथें पोंचण्यापूर्वींच, १९७८ सालीं, भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुशील अत्रेय यांनीं आपल्या दोन सहकाऱ्यांसह दिलें होतें. जन्मकाळीं टायटन आजच्याहून पुष्कळ ऊबदार होता, त्यामुळें अमोनियाची वाफ वर चढे. सूर्याचे अतिनील किरण ती फोडीत. हलका उज्जवायु निसटून जाई, आणि जड नत्रवायु मागें राही. दुसरें मत असें, कीं आदिकाळीं कोसळलेल्या धूमकेतूंच्या आघातांनीं हें काम केलें. तिसरें मत २०१९ सालीं पुढें आलें: टायटनच्या पोटांतील सेंद्रिय द्रव्यें अंतर्गत उष्णतेनें शिजून त्यांतूनहि बराच नत्रवायु बाहेर पडला असावा. हीं मतें परस्परांस खोडणारीं नाहींत. एका विहिरीस तीन झरे असूं शकतात.

मिथेनचें पेंव

नत्रवायूचा हिशेब जुळला, पण मिथेननें शास्त्रज्ञांस अधिक घोर लाविला आहे. सूर्याचे किरण मिथेनचे रेणु सतत फोडीत असतात. सुटलेला उज्जवायु अवकाशांत निघून जातो, तो पुन्हां येत नाहीं. राहिलेले तुकडे एकमेकांस चिकटून जड द्रव्यें बनतात, आणि त्यांचेंच तें नारिंगी धुकें. प्रयोगशाळेंत नत्रवायु व मिथेन यांच्या मिश्रणांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या, कीं भांड्याच्या कडेला तपकिरी चिकट राप बसतो. असे प्रयोग कार्ल सेगन व बिशुन खरे यांनीं केले, आणि १९७९ सालीं त्या रापास थोलिन असें नांव दिलें. खरे हें आडनांव वाचून मराठी वाचक हे आपल्याकडील कीं काय म्हणून सरसावून बसेल. परंतु हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानांतले.

या नासाडीच्या गतीनें हवेंत आज असलेला सारा मिथेन कांहीं कोटि वर्षांत संपावयास हवा. टायटनचें वय तर साडेचारशें कोटि वर्षांचें. मिथेनमधील कर्बाचे हलके व जड परमाणु तपासतां, हा मिथेन शंभर कोटि वर्षांहून फार जुना नसावा, असें दिसतें. शिवाय अनादि कालापासून ही नासाडी चालू असती, तर तीतून निपजणाऱ्या ईथेनचा खोल समुद्र साऱ्या टायटनवर पसरलेला असता. कॅसिनीला तो आढळला नाहीं. यावरून निष्कर्ष एकच: मिथेन अखंड नव्हता; तो मधून मधून आंतून बाहेर येतो.

आमच्या मराठवाड्यांत पूर्वीं जमिनींत पेंवें असत. सुगीच्या धान्यानें तीं भरून तोंड लिंपून टाकीत, आणि अडचणीच्या सालीं उघडीत. टायटनच्या बर्फाच्या कवचांत असेंच पेंव असावें. विशिष्ट दाबाखालीं पाण्याचा बर्फ जाळीदार पिंजऱ्यासारखा बनतो, आणि त्याच्या घरांघरांत मिथेनचे रेणु कोंडले जातात. आंतली उष्णता वाढली, कीं पिंजरा मोडतो व मिथेन सुटतो. २००६ सालीं फ्रेंच व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मांडलेल्या गणिताप्रमाणें हें पेंव तीनदां उघडलें: जन्मानंतर लवकरच, नंतर सुमारें दोनशें कोटि वर्षांपूर्वीं, आणि शेवटीं पन्नास कोटि वर्षांपूर्वींपासून. पोटांतील वायु बाहेर येतो, यास पुरावा आहे. खडकांतील पोटॅशियमपासून अतिमंदगतीनें उत्पन्न होणारा दुसऱ्या जातीचा आर्गॉन टायटनच्या हवेंत लाखांत तीन-चार भाग सांपडला. तो खडकावांचून कोठून येणार?

पावसाविना नदी

टायटनच्या थंडींत पाणी दगडासारखें घट्ट असतें, आणि पाण्याचें काम मिथेन करतो. त्याची वाफ होते, ढग जमतात, पाऊस पडतो. आकर्षण थोडें व हवा दाट असल्यामुळें बोराएवढाले थेंब सेकंदाला अवघ्या दीडएक मीटराच्या गतीनें तरंगत खालीं येतात. उत्तर ध्रुवाकडे मिथेनचीं सरोवरें आहेत; त्यांतील सर्वांत मोठें क्राकेन हें साऱ्या महाराष्ट्राहून विस्तीर्ण आहे. परंतु मध्यभागीं, विषुववृत्ताच्या बाजूस, वाळवंटच वाळवंट, आणि वर्षांनुवर्षें थेंब नाहीं. तेथें सप्टेंबर २०१० मध्यें एक वादळी पाऊस कॅसिनीनें टिपला. भिजून काळवंडलेली भूमि पुढें कांहीं महिन्यांत वाळून पूर्ववत् झाली.

हायगेन्स उतरलें तें अशाच कोरड्या प्रदेशांत. त्यानें धाडलेलें चित्र सूनबाईंनीं आम्हांस दाखविलें: सपाट भूमि, तीवर गोल गुळगुळीत गोटे. ते गोटे दगडाचे नसून बर्फाचे, परंतु गोलाई प्रवाहानेंच आलेली. आमचे थोरले चिरंजीव शेती पाहतात, ते चटकन् म्हणाले, "ही तर आपली चैत्रांतली नदी!" मला तें म्हणणें फार पटलें. आमच्या बाजूच्या नद्यांत वर्षांतून आठ महिने पाणी नसतें. परका मनुष्य पाहील, तर ही नदी नव्हेच म्हणेल. पण गोट्यांची गोलाई सांगते, कीं येथून पूर गेलेला आहे. थोडा पण धसक्याचा पाऊस भूमीवर कसें चित्र काढतो, हें समजण्यास दुष्काळी मुलखांतला शेतकरी कोणत्याहि प्राध्यापकाहून कमी नाहीं.

थोड्याच्या आधारावर पुष्कळ

आतां या हवेचें पुढें काय? मिथेन थोडा असला, तरी टायटनची थोडीफार ऊब मोठ्या अंशीं तोच राखतो. हवेच्या पांघरुणानें टायटन सुमारें २१ अंश ऊबदार होतो. वरचें धुकें ऊन अडवून त्यांतील ९ अंश परत घेतें. उरतात १२ अंश. १९९७ सालीं शास्त्रज्ञांनीं असा हिशेब मांडला, कीं मिथेन संपला आणि नवा आला नाहीं, तर ही ऊब जाऊन खुद्द नत्रवायुच आपल्या जागीं राहणार नाहीं. तो पातळ होऊन भूमीवर ओघळेल, आणि हवा आजच्या मानानें अगदीं विरळ होईल. पूर्वीं पेंव रिकामें असतां असें घडूनहि गेलें असेल. शेंकडा पांच पंचाण्णवांना धरून ठेवतात! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस यांत आश्चर्य वाटूं नये. घरांतील एखादी म्हातारी आत्या कोणाच्या हिशेबांत नसते, आणि ती गेल्यावर दोन वर्षांत घर विभक्त होतें.

आपल्या हवेचीहि गोष्ट फार निराळी नाहीं. भास्कराचार्यांनीं, इ. स. ११५० च्या सिद्धांतशिरोमणींत, भूमीबाहेर बारा योजनेंपर्यंत भूवायु असतो व मेघ, विद्युत् इत्यादि त्यांतच होतात, असें सांगितलें आहे. हवेला सीमा आहे, हें त्यांनीं जाणलें. तिला इतिहास आहे, हें अलीकडे कळलें. पृथ्वीच्या पहिल्या हवेंत मोकळा प्राणवायु नव्हता. सूक्ष्म जीवांनीं तो निर्माण केला, आणि सुमारें २४० कोटि वर्षांपूर्वींपासून तो हवेंत सांचूं लागला. त्यापूर्वींच्या काळांत पृथ्वीवरहि टायटनसारखें नारिंगी धुकें अधूनमधून दाटत असावें, असें पुष्कळ शास्त्रज्ञांस वाटतें. टायटनकडे लक्ष देण्याचें हें मोठें कारण आहे. हवा ही भूमीबरोबर आपोआप मिळणारी वस्तु नव्हे. ती येते, बदलते, आणि कांहीं ठिकाणीं जातेहि.

कॅसिनीचें कार्य १५ सप्टेंबर २०१७ रोजीं संपलें. त्याला शनीच्याच हवेंत विसर्जित करण्यांत आलें. आतां अमेरिकेची ड्रॅगनफ्लाय नांवाची उडती यंत्रणा २०२८ सालीं निघून २०३४ सालीं टायटनवर उतरावी, अशी योजना आहे. हवा दाट व आकर्षण थोडें, म्हणून पंख्यांच्या बळावर तेथें उडणें सोपें. त्या वेळीं माझी नात कॉलेजांतील शिक्षण संपवून बाहेर पडलेली असेल. मी असेन कीं नाहीं, तें सांगवत नाहीं. पण आमच्यापैकीं कोणाचें खरें, हा प्रश्न तिला तेव्हां पुन्हां विचारावा लागूं नये.

त्या रात्रीं गच्चीवरून खालीं आल्यावर मीं त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळवून त्याला पत्र लिहिलें. तो आतां पन्नाशीजवळ आला असून पुण्यास नोकरी करतो. "टायटनविषयीं तुझें बरोबर होतें, माझें चुकलें", एवढेंच लिहिलें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. मला वाटलें होतें, तो लिहील कीं आपण तें केव्हांच विसरलों. तसें त्यानें लिहिलें नाहीं. "गुरुजी, तो दिवस मला चांगला आठवतो. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मीं वर्गांत हात वर केला नाहीं", असें त्यानें सरळ लिहिलें होतें. तें वाचून मी बराच वेळ ओटीवर बसून राहिलों. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, कीं सुटींत मुलीला घेऊन आलों तर शनि दाखवाल काय?

अवश्य दाखवीन. घरीं सूनबाईंची लहानशी दुर्बीण आहे. तींतून शनीचें कडें दिसतें, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक बारीक प्रकाशबिंदु दिसतो. तोच टायटन. ज्यांच्या घरीं अशी दुर्बीण असेल, त्यांनीं एका वहींत रोज त्या बिंदूची जागा टिपून ठेवावी. पंधरा-सोळा रात्रींत तो शनीला फेरा घालून पहिल्या जागीं आलेला मुलांना आपल्या डोळ्यांनीं दिसेल. आणि टिपतांना एखाद्या मुलानें आपल्याला ठाऊक नसलेलें कांहीं सांगितलें, तर त्याला उभें न करतां जवळ बसवावें, आणि पुस्तक काढून दोघांनीं मिळून पाहावें.